पाण्यात ठेवलेला भाऊ

मी देवाशी भांडते. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे ज्यांना नाक मुरडायचं असेल त्यांनी इथंच मुरडून घ्यावं. भक्ती म्हणजे हात जोडून, मान खाली घालून 'जशी तुझी इच्छा' म्हणत बसणं, असं मी पुष्कळ प्रवचनांत ऐकलं आहे आणि ऐकताना मानही डोलावली आहे. पण माझे मालक सांगलीच्या दवाखान्यात सुजून पडले होते, तेव्हा माझ्या तोंडून 'जशी तुझी इच्छा' काही निघालं नाही. निघालं ते "मेल्या, लाज कशी वाटली नाही तुला?" असं. आणि हे मी ज्याला म्हटलं तो माझा देव होता. देव व्हायच्या आधीपासून तो माझा भाऊ होता.

माझं माहेर शिराळा. आमच्याकडे नागपंचमी म्हणजे दिवाळीपेक्षा मोठा सण. पंचमीच्या आदल्या दिवशी बायका भावासाठी उपास धरतात. आम्ही सगळ्या बहिणीच, पाठीला भाऊ नाही. मला कळायला लागल्यावर मी वडिलांपाशी रडले, की सगळ्या मैत्रिणी उपास धरतात, मी कुणासाठी धरू? वडिलांनी बाजारातून पितळेचा एक बोटभर नाग आणला, माझ्या हातावर ठेवला आणि म्हणाले, "ह्यो तुझा भाऊ. धर उपास." मोठ्या माणसानं पोरीची समजूत काढली एवढंच ते, पण मी ते खरं धरलं. शाळेतल्या मार्कांपासून आईच्या मारापर्यंत सगळं त्याला सांगितलं. लग्नात कान पिळायला चुलतभाऊ उभा राहिला, पण माझ्या शालूच्या पदराच्या गाठीत नाग होता. कृष्णाकाठच्या या गावात मी नांदायला आले तेव्हा तो सासरच्या देवांमध्ये जाऊन बसला. माहेरचा तो एकटाच.

पंचमीला आमच्या घरात विळी चालत नाही, तवा चढत नाही, रानात नांगर जात नाही, जमिनीत खोरं घालत नाहीत. कुणा मुक्या जिवाला आपल्या हातून इजा होऊ नये म्हणून एक दिवस हात आवरायचा, असं वडील सांगायचे. मला तो नियम फार आवडतो. इतका, की मोडला तर काय होतं याचा विचार मी कधी केलाच नव्हता.

गेल्या वर्षी पंचमीला पावसाची झड लागली होती. आमच्या रानाच्या उताराला आक्कांचं घर आहे. आक्का जैन, वयानं माझ्या आईएवढ्या, मुलगा पुण्याला, त्यामुळे घरात एकट्याच. आमच्या उसातलं सगळं पाणी त्यांच्या मागच्या भिंतीला जाऊन तुंबलं होतं. भिंत मातीची. मालकांनी बघितलं आणि खोरं उचललं. थोरले भावजी, म्हणजे मालकांचे वडील बंधू, रस्त्यावरून ओरडले, "आरं, आज पंचमी हाय! जमिनीला खोरं लावू नगंस!"

"आक्काची भित पडंल की दादा," मालक म्हणाले आणि चर खणायला लागले.

मी त्यांना अडवलं नाही. आत गेले, देव्हाऱ्यापुढे उभी राहिले आणि भावाला सांगितलं, "ते खणायला लागलेत. आक्कांची भिंत आहे. बघ बाबा." एवढं बोलून निश्चिंत झाले. भिंत वाचली. आक्कांनी संध्याकाळच्या आत लाह्यांचे लाडू पाठवले, आणि विषय तिथंच संपला असं मला वाटलं.

पुढच्याच आठवड्यात मालक तो चर मोकळा करायला गेले, अनवाणी. उसाचं पाचट काढताना घोणस चावली. स्वतःच चालत आले, पायरीवर बसले आणि म्हणाले, "चावलं गं." घोट्याच्या वर दोन थेंब रक्त होतं, पण बघता बघता पाय कणगीसारखा व्हायला लागला.

आणि मग जे झालं ते आठवलं, की आजही माझं डोकं तापतं. गोळा झालेल्या लोकांपैकी दवाखान्याचं नाव कुणी काढलं नाही. भावजी म्हणाले, "पंचमीला खणलं न्हवं? त्याच चरात चावलं. कोप हाय ह्यो. आदी देवळात न्या, पायरीवर बसवा, लिंबाचा पाला द्या." दोघा-तिघांनी मालकांच्या बगलेत हातही घातले. गावाला वाटलं असेल की नागाची भक्तीण मीच, तर सगळ्यात पुढं मीच देवळाकडे पळेन. मी आडवी उभी राहिले. सासरच्या थोरल्या माणसापुढे मी कधी आवाज चढवला नव्हता, त्या दिवशी चढवला. "आवं भावजी, देव कुठं पळून जात न्हाई. ईख पळतंय अंगात! सोडा त्यांना!"

गल्लीतली एकुलती एक चारचाकी त्या दिवशी परगावी गेलेली. मी पावसात रस्त्यावर जाऊन उभी राहिले. दुधाची पिकअप येत होती, तिच्या आडवी गेले. चालवणारा चाळिशीचा असेल, अंगानं थोराड, गळ्यात टॉवेल. त्यानं काय झालं एवढंच विचारलं. मग खाली उतरून दुधानं भरलेले कॅन एकेक करून आक्कांच्या अंगणात उतरवले, मागं ताडपत्री अंथरली आणि मालकांना आडवं केलं. दूध नासणार हे त्यालाही दिसत होतं, पण त्याबद्दल तो चकार शब्द बोलला नाही. भावजी मागं बसले, मालकांचं डोकं मांडीवर घेऊन. मी पुढं बसले.

रोजचा पूल पाण्याखाली होता. मला तर पुलाचं भानच नव्हतं. तो मात्र फाट्यावरूनच वळला. म्हणाला, "वरच्या अंगानं घेतो. लांब पडंल, पर पोचू." मी रडत होते. तो म्हणाला, "तायडे, रडू नगंस. हाय न्हवं मी." आणि मी, काय सांगू, त्याच्या अंगावर खेकसले, "तायडे बियडे काय नको! गाडी हाण!" त्यानं गाडी हाणली.

दवाखान्याच्या दारात वॉचमन आडवा आला. पेशंटबरोबर नातेवाईकच आत, बाकीचे बाहेर. या माणसानं मालकांना उचलून घेतलेलं. वॉचमननं विचारलं, "तुम्ही पेशंटचे कोण?" तो चालता चालता म्हणाला, "मेव्हणा. हिचा भाऊ." आणि आत गेला. हे शब्द माझ्या कानावर पडले होते, पण डोक्यात शिरायला तिथं जागा नव्हती. पुढची धावपळ झाली, इंजेक्शनं सुरू झाली, आणि मी मागं वळून बघितलं तर तो नव्हता. कॅन घ्यायला परत गेला असणार. मी त्याचं नावही विचारलं नव्हतं.

जीव वाचेल असं डॉक्टर म्हणाले, पण विषानं मूत्रपिंडं बंद पाडली होती. लघवी थांबली. डायलिसिस सुरू झालं. डॉक्टरीण बाई तरुण होत्या, सरळ बोलायच्या. म्हणाल्या, "लघवी सुरू झाली की आपण सुटलो. नाही झाली तर पुढचं अवघड आहे." तेव्हापासून माझं सगळं आयुष्य त्या एका गोष्टीवर येऊन थांबलं. जो शब्द मी चारचौघांत कधी उच्चारला नव्हता, तो रोज सकाळी नर्सला, वॉर्डबॉयला, झाडू मारणाऱ्या मावशींना विचारत फिरायला लागले.

कपडे आणायला एकदा घरी आले तेव्हा देव्हाऱ्यापुढे गेले. हात जोडायला गेले होते, पण हात जोडले गेले नाहीत. आमच्याकडे अडचणीत देव पाण्यात ठेवतात. गाऱ्हाणं सुटेपर्यंत देवानंही सुखात बसायचं नाही, असा त्याचा अर्थ. मी बाकीच्या देवांना हात लावला नाही. सासरचे ते, त्यांचा मान राखला. माझ्या भावाला उचललं आणि तांब्याच्या पातेल्यात पाण्यात बुडवलं. "तुला सांगितलं होतं मी," त्याला म्हणाले. "तोंडानं सांगितलं होतं, बघ म्हणून. हे बघितलंस? जन्मभर तुझ्यासाठी पोटाला चिमटा काढला. दुसऱ्यांचे भाऊ ओवाळणी घालतात, मी तुझ्याकडं कधी काही मागितलं नाही. आणि पहिल्यांदा एक शब्द टाकला तर ही तऱ्हा! ते या उंबऱ्यातून आत येईपर्यंत राहा इथंच, पाण्यात." आणि दार ओढून घेऊन निघाले. किल्ली आक्कांकडे दिली.

दवाखान्यात भावजी वाटच बघत होते. ते वाईट नाहीत. भावासाठी त्यांचा जीव तुटत होता, जेवणही जात नव्हतं. पण त्यांनी एकच धोशा लावला. वारुळापुढे जा, नाक घास, आमची चूक झाली म्हण, म्हणजे देव शांत होईल. भेटायला येणारा प्रत्येक जण तेच. कुणी म्हणे, तू शिराळ्याची असून खणू कसं दिलंस? कुणी म्हणे, तुझ्या भक्तीतच कुठंतरी खोट असणार. केळी आणायची, पेशंटकडे बघून चुकचुकायचं आणि जाताना माझी खोट काढायची! अहो, खोट? ज्या माणसानं म्हातारीची भिंत पडू नये म्हणून पावसात चर खणला, त्याला त्याच चरात गाठून मारणारा देव असेल, तर खोट कुणात आहे? आणि मला सांगा, कोप नागाचा आणि चावली घोणस, हे कसं? राग आला होता तर स्वतः यायला काय पाय मोडले होते त्याचे?

हे लोक देवाला नुसते घाबरतात आणि त्या भीतीला भक्ती म्हणतात, याचा मला संताप येत होता. घराघरांत नियम मोडतात. बहीण चुकते, भाऊ चुकतो, भांडणं होतात, अबोला धरतात. पण बहिणीनं एकदा शब्द मोडला म्हणून तिचं कुंकू पुसणारा भाऊ मी तरी बघितला नाही. माणसाला जे शोभत नाही ते देवाच्या गळ्यात कसं घालता? आवं, तो काय फौजदार आहे?

पण खरं सांगते, भीतीची लागण होतेच. एक दिवस भावजी रडले. पासष्टीचा माणूस वॉर्डाबाहेरच्या बाकावर तोंड झाकून रडला. म्हणाला, "तुझा हट्ट राहू दे बाई तुझ्यापाशी. माझा भाऊ जाईल त्याच्यात." खरंच माझ्या भांडणापायी हे गेले तर? मी म्हटलं, जाते. भावाला पाण्यातून काढते, वारुळापुढे नाक घासते, म्हणाल ते म्हणते. मालकांपाशी भावजींना बसवलं आणि सकाळच्या एसटीनं गावाला आले.

दार उघडं होतं. आत देव्हाऱ्यापुढे आक्का बसल्या होत्या. एका हातात पांढरं धुवट फडकं, दुसऱ्या हातात कळशी. फडक्यातून पाणी गाळून त्या माझ्या पातेल्यात ओतत होत्या. मी दारातच थांबले. जैनांच्या घरात पाणी गाळल्याशिवाय वापरत नाहीत हे माहीत होतं. पण हा तर माझा देव, आणि आक्का आमच्या देवांना हात जोडायच्या नाहीत, कधी जोडले नव्हते.

"आक्का, काय करताय?"

"रोज बदलते गं. साचल्या पाण्यात किडं पडत्यात, इवलं इवलं. मरत्यात त्यात. आन ह्यो बी हिरवा पडाया लागलावता," त्या नागाकडे बोट दाखवून म्हणाल्या. मग माझ्याकडे न बघता म्हणाल्या, "माज्या भितीपायी झालं समदं. पडली आसती तर पडली आसती."

"आसं म्हणू नका," मी म्हटलं आणि भडभडून सगळं सांगून टाकलं. लोक काय म्हणतात, भावजी काय म्हणतात, मी कशाला आले. आक्का ऐकून घेत होत्या, पाणी गाळत होत्या.

"आमचा देव कुणावर कोपत न्हाई बग," त्या म्हणाल्या. "त्याला राग न्हाई, लोभ न्हाई. कुणाला काय देत बी न्हाई."

"मग रोज बस्तीत दर्शनाला जाता कशाला?" मी जरा रागातच विचारलं.

"बघाया. नातवाला बघाया मी पुण्याला फोन लावते, तवा त्यो मला काय देतो व्हय?" मग हसल्या. "तुजं बरं हाय बाई. तुला भांडाया तरी घावतोय. नाक घासलंस की त्यो साहेब झाला. मग भांडशील कुणासंगं?"

मी खाली बसले. आक्का सांगत होत्या की तो दूधवाला त्याच दुपारी कॅन न्यायला आला होता. दूध नासलेलं. चहा घे म्हटलं तर थांबला नाही, गाडी परत उंब्रजला न्यायची होती, तो बदलीवर आला होता. "मी इचारलं, पावणं तुमी त्यांचं कोण? तर म्हणतोय, भाऊ. तुला भाऊ न्हाई म्हणालीवतीस न्हवं? चुलतभाऊ का गं त्यो?"

दवाखान्याच्या दारातले शब्द तेव्हा माझ्या डोक्यात शिरले. मेव्हणा, हिचा भाऊ. तायडे, हाय न्हवं मी. आणि मी काय म्हणाले होते? तायडे बियडे काय नको, गाडी हाण. मी पातेल्याकडे बघितलं. स्वच्छ गाळलेल्या पाण्यात बोटभर नाग फणा काढून बसला होता, जसा लहानपणी माझ्या हातावर बसला होता तसाच. मी त्याला तिथं डांबून गेले होते, आणि परक्या धर्माची म्हातारी रोज त्याची देखभाल करत होती. माझ्या मनात काय आलं ते मला धड सांगता येणार नाही. तो माणूस कोण होता, त्याचा आणि या पितळेच्या तुकड्याचा काय संबंध, हे मी कुणाला पटवायला जात नाही. उंब्रजचा एक भला ड्रायव्हर होता, असं म्हणा आणि पुढं चला. मी एवढंच सांगते, की नाक घासायचं माझ्या मनातून त्या क्षणी गेलं आणि रडू आलं. भीतीचं नव्हतं ते रडू. माहेरी गेल्यावर उंबऱ्यातच येतं तसलं होतं.

तेवढ्यात फोन वाजला. भावजींचा. कानाला लावला तर पलीकडून नुसता हुंदका, मग ओरडणं: "मुतला गं! मुतला! पिशवीत आली, पिवळी धम्मक, मी सोता बघितली!" भावजयीशी कधी नजर वर करून न बोलणारा माणूस, सगळ्या वॉर्डाला ऐकू जाईल अशा आवाजात हे ओरडत होता. मी आक्कांकडे बघून ओरडले, "आक्का, मुतले!" आणि आम्ही दोघी बायका त्या देव्हाऱ्यापुढे हसत रडत बसलो. देवाचा प्रसाद म्हणून लोक काय काय सांगतात, कुणाला फूल पडतं, कुणाला स्वप्न पडतं. मला हा प्रसाद मिळाला. मला त्याची लाज वाटत नाही.

भावजी नंतर म्हणाले, नाक घासलंस तेव्हाच झालं बघ. मी म्हटलं, घासलं नाही. त्यांनी विश्वास ठेवला नाही, अजून ठेवत नाहीत. असू दे.

भावाला मी लगेच काढलं नाही. शब्द तो शब्द. मालक घरी आले, काठी टेकत उंबरा ओलांडला, तेव्हा त्यांच्यावरून भाकरतुकडा ओवाळून टाकला आणि मग आत जाऊन त्याला पाण्यातून बाहेर घेतलं. पदरानं पुसलं, फण्याच्या खाचेतलं पाणी टिपलं. उपकार मानायचे होते. तोंडातून निघालं, "थंडी वाजली का रे?" मग त्याला त्याच्या जागी बसवलं.

त्या ड्रायव्हरचा मी पुष्कळ शोध घेतला. डेअरीवर विचारलं, उंब्रजला जाऊन आले. बदलीवर गाड्या बऱ्याच येतात, म्हणाले. सापडला नाही. या वर्षी पंचमीच्या आदल्या दिवशी उपास धरला तेव्हा देव्हाऱ्यापुढे म्हटलं, हा उपास तुझा, आणि ज्याचं नाव मला माहीत नाही त्याचा. एकाच उपासात दोघांचं भागव.

आणि पंचमीला पुन्हा झड लागली. गेल्या वर्षीचा चर बुजलेला, आक्कांच्या भिंतीला पुन्हा पाणी. मालक दारात उभे राहून बघत होते. रस्त्यावर भावजी, आणखी चार माणसं. मालकांनी माझ्याकडे बघितलं. डोळ्यांत भीती होती, ती मी ओळखली, कारण माझ्याही पोटात तीच होती.

मी कोपऱ्यातलं खोरं आणून त्यांच्या हातात दिलं. या पावसाळ्यासाठी घेऊन ठेवलेले गुडघ्यापर्यंतचे बूट आणून पायापुढे ठेवले. म्हटलं, "जा. बूट घालून जा. आणि पाचट काठीनं सरका, हातानं नको."

मग आत गेले. त्याच्यापुढे उभी राहिले. "ते खणायला लागलेत," मी म्हटलं. "आक्कांची भिंत आहे. बघ बाबा."